रायफलला तेल किती घालायचं? या चुका टाळा

आठवडाभर ठेवलेल्या रायफलच्या पहिल्या दोन-तीन गोळ्या ग्रुपबाहेर (बाकीच्या छिद्रांच्या घोळक्यापासून लांब) गेल्या, की लोक लगेच साइटचे, म्हणजे नेम धरायच्या भागाचे, स्क्रू फिरवतात. आधी नळी बघा. बऱ्याचदा तिच्यात ठेवणीचं तेल तसंच राहिलेलं असतं.

मॅगझिन आणि बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढा, चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामं असल्याची डोळ्यांनी खात्री करा, मगच सफाईला बसा. .२२ बोल्ट-अ‍ॅक्शनच्या नळीला दोन थेंब पुष्कळ झाले. तेही थेट नळीत नाहीत, चिंधीवर. चिंधी बोटांत चोळून चेंबरकडून एकदा आरपार काढा. रेंजवर जाण्याआधी कोरड्या चिंध्या फिरवा. शेवटची कोरडीच बाहेर यायला हवी. चेंबरही पुसा. तिथे तेल राहिलं तर काडतूस भिंतीला धरत नाही, धक्का बोल्टवर येतो; शिवाय काडतुसात तेल झिरपून ते फुसकं ठरू शकतं.

सगळ्यात जास्त घोळ बोल्टच्या आत होतो. भरपूर तेल, त्यात जळकी दारू आणि गोळीवरचं मेण मिसळून चिकट लगदा तयार होतो, फायरिंग पिन (काडतुसावर आदळून बार उडवणारी सुई) हळू पडते. काडतुसाच्या कडेवर पुसट खूण उठते, पण बार होत नाही. (अशा वेळी बोल्ट लगेच उघडू नका, नळी टार्गेटकडे ठेवून ३० सेकंद थांबा.) पिन काढून सॉल्व्हंटने धुवा, वाळवा, तेलकट फडक्याने नुसती पुसा. तेल ओतून हा दोष जात नाही, वाढतो. बोल्टच्या लगना (बोल्ट जागी अडकवणाऱ्या खुंट्यांना) आणि कॉकिंग कॅमला (पिन मागे ओढणाऱ्या तिरक्या खाचेला) मात्र ग्रीसच हवं, अर्ध्या तांदळाएवढं.

ट्रिगरमध्ये स्प्रे मारू नका. धूळ चिकटून सिअर (ट्रिगर ओढेपर्यंत पिन अडवून धरणारा खटका) नीट अडकत नाही, आणि हा दोष जिवावर बेतणारा आहे.

कोकणातल्या पावसाळ्यात तेल जास्त नको, तेलकट फडकं जास्त वेळा फिरवा. हाताळून झाल्यावर घामाचे ठसे पुसा आणि रायफल कापडी कव्हरमध्ये कोंडू नका. ठेवताना नळीचं तोंड खाली असू द्या, नाहीतर तेल ओघळून लाकडी दस्त्यात मुरतं. खोबरेल तर अजिबात नको: ते २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि पुढे चिकट होतं.

पीसीपी एअर रायफलचं (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारीचं) गणित वेगळं. २०० बार दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं, त्यामुळे हवेच्या वाटेवर त्याचा एक थेंबही नको. ओ-रिंगला (हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्याला) उत्पादकाने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच लावा.