पासवर्ड बरोबर, तरी कॅलेंडर जोडलं जात नाही?

झूमला गूगल किंवा आउटलुकचं कॅलेंडर जोडायला गेलं की लॉगिनची विंडो उघडते, पासवर्डही बरोबर असतो, आणि तरी गाडी अडते. अशा वेळी पासवर्ड बदलत बसू नका. बहुतेकदा घोळ खात्यांचा असतो. ब्राउझरमध्ये घरचं आणि ऑफिसचं अशी दोन्ही खाती उघडी असतात आणि जोडणी भलत्याशीच होते. मी स्वतःच एकदा घाईत घरचं कॅलेंडर जोडून बसलो आणि ऑफिसच्या मीटिंगा का दिसत नाहीत म्हणून डोकं खाजवत राहिलो! त्यापेक्षा इन्कॉग्निटो विंडो (ब्राउझरची खाजगी विंडो, जिच्यात आधीची लॉगिन नसतात) उघडा आणि तिथे हव्या त्या एकाच खात्याने लॉगिन करा.

गूगलच्या परवानगीच्या पानावर मात्र सावकाश. तिथे कॅलेंडरच्या परवानगीसमोर टिक करायचा चौकोन दिसू शकतो. तो रिकामा सोडून ‘कंटिन्यू’ दाबलंत तर लॉगिन व्यवस्थित होतं, पण मीटिंग एकही येत नाही. तसं झालं असेल तर गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन झूमची जुनी परवानगी काढून टाका आणि पहिल्यापासून जोडा.

विंडो उघडतच नसेल तर ब्राउझर पॉप-अप अडवतोय का बघा.

मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस खात्यावर ‘ॲडमिनची मंजुरी हवी’ असा संदेश आला तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करून उपयोग नाही. स्क्रीनशॉट काढा आणि आयटीवाल्यांना पाठवा. ती मंजुरी त्यांच्याच हातात असते.