तबल्याचे स्टीरिओ रेकॉर्डिंग घरच्या घरी: प्रीअँप आणि माइकची जोडी

तबल्याचे एकल वादन आणि त्याला पेटीवर लेहरा (ताल दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी धून), एवढा ऐवज दोन एकसारखे कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारे) कंडेन्सर माइक आणि दोन प्रीअँप (माइकचा संकेत वाढवणारे भाग) असलेला साधा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे उपकरण) यांवर उत्तम रेकॉर्ड करता येतो. नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण महागडा स्वतंत्र प्रीअँप घ्यावा की नाही याचा विचार आधी करतात आणि माइक कोठे उभे करावेत याचा नंतर. माझ्या मते हा क्रम उलटा आहे.

माइकमधून निघणारा विद्युत संकेत काही मिलिव्होल्टांचा असतो आणि तो साधारण 1 व्होल्टच्या घरात, म्हणजे लाइन पातळीवर, नेण्याचे काम प्रीअँप करतो. 20 डेसिबल गेन (संकेताची वाढ) म्हणजे व्होल्टेज दहापट आणि 60 डेसिबल म्हणजे हजारपट. हे करताना प्रीअँप स्वतःचीही थोडी हिस त्यात मिसळतो. हल्लीच्या अनेक इंटरफेसच्या माहितीपत्रकात ती उणे 128 डीबीयूच्या (विद्युत पातळीचे एकक, आकडा जितका खाली तितकी हिस कमी) आसपास दिलेली आढळते. 10 मिलिव्होल्ट प्रति पास्कल संवेदनशीलतेच्या कंडेन्सर माइकसाठी हिशेब केला, तर ही हिस खोलीतल्या जेमतेम 4 डेसिबल आवाजाएवढी भरते, 1.85 मिलिव्होल्टच्या डायनॅमिक माइकसाठी (वीज न लागणारा, कमी संवेदनशील प्रकार) मात्र ती 18 डेसिबलच्या आसपास जाते. स्वतः कंडेन्सर माइकचाच अंगभूत आवाज बहुधा 10 ते 20 डेसिबल असतो आणि छताचा पंखा चालू असलेल्या खोलीतला आवाज याहून कितीतरी अधिक असतो. तेव्हा प्रीअँप बदलण्याआधी पंखा आणि फ्रिज बंद करावेत. हळू आवाजाचे वाद्य डायनॅमिक माइकने दुरून टिपायचे असेल, तरच प्रीअँपच्या दर्जाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

कंडेन्सर माइकला 48 व्होल्टचा फँटम पॉवर (इंटरफेसकडून माइकच्या केबलमधूनच येणारा वीजपुरवठा) लागतो. केबल जोडून झाल्यावर, हेडफोनचा आवाज पूर्ण खाली करून, मगच तो चालू करावा.

गेन ठरवताना तबलावादकाला नुसता ठेका धरायला सांगितले, की तो हलक्या हाताने वाजवतो, आपण त्यावर नॉब लावतो आणि पुढे चक्रदाराच्या (तीनदा वाजवून समेवर संपणाऱ्या रचनेच्या) शेवटच्या धा वर मीटर लाल होतो. म्हणून पातळी ठरवण्यासाठी रेला (जलद बोलांची रचना) आणि चक्रदारच पूर्ण जोमाने वाजवून घ्यावेत आणि त्यातला सर्वांत मोठा आघात मीटरवर उणे 12 ते उणे 10 डेसिबलच्या दरम्यान राहील असा गेन ठेवावा. 24 बिटमध्ये रेकॉर्डिंग करताना यापेक्षा वर जाण्याने काहीच साधत नाही.

दोन्ही प्रीअँपचा गेन समान असणे स्टीरिओसाठी अत्यावश्यक आहे आणि नॉबवरच्या खुणांवर त्याबाबत विसंबता येत नाही. दोन्ही माइक शेजारी-शेजारी चिकटवून, तोंडे पेटीकडे करून धरावेत, पेटीवर षड्ज लावून ठेवावा, सॉफ्टवेअरमध्ये एका चॅनेलची पोलॅरिटी (संकेताची धन-ऋण दिशा) उलटी करून दोन्ही चॅनेल मोनोमध्ये एकत्र ऐकावेत आणि आवाज जास्तीत जास्त क्षीण होईपर्यंत एक नॉब हळूहळू फिरवावा. जुळणी झाल्यावर पोलॅरिटी पूर्ववत करण्यास विसरू नये.

आता मांडणी. एक्स-वाय पद्धतीत दोन्ही माइकची तोंडे एकावर एक येतात आणि त्यांच्यात 90 अंशांचा कोन असतो. दोन्हीकडे आवाज एकाच वेळी पोहोचतो, डावे-उजवे ठरते ते केवळ पातळीतल्या फरकाने. ही पद्धत सुरक्षित आहे, पण कार्डिऑइड माइकची अशी जोडी सुमारे 180 अंशांचा पसारा टिपते, त्यामुळे समोर जवळजवळ बसलेले दोन वादक ऐकताना मधोमध गोळा झाल्यासारखे वाटतात. फ्रान्सच्या सरकारी नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओआरटीएफ पद्धतीत माइकची तोंडे 17 सेंटिमीटर अंतरावर आणि 110 अंशांच्या कोनात बाहेरच्या दिशेने असतात. पातळीबरोबरच अर्ध्या मिलिसेकंदापर्यंतचा वेळेचा फरकही मिळतो आणि टिपला जाणारा पसारा साधारण 100 अंशांवर येतो. आपल्या जोडीसाठी मी हीच निवडेन.

तबला, डग्गा आणि पेटी मिळून बैठकीची रुंदी 1.8 मीटर धरली, तर मधोमध 1 ते 1.25 मीटर अंतरावर, जमिनीपासून 80 ते 100 सेंटिमीटर उंचीवर, किंचित खाली झुकवलेली जोडी योग्य ठरते. याहून फार जवळ गेल्यास कार्डिऑइड माइकच्या स्वभावानुसार डग्ग्याचा घुमारा फुगतो. फार दूर गेल्यास खोलीतला प्रतिध्वनी चाटीची (तबल्याच्या काठावरच्या आघाताची) धार खाऊन टाकतो. पेटीच्या भात्याचा फुसफुसाट ऐकू येत असेल, तर पेटी थोडी वळवून पाहावी.

लेहरा वरचढ होत असेल, तर पेटीकडच्या माइकचा गेन कमी करण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण दोन्ही माइक दोन्ही वाद्ये टिपत असतात आणि एक नॉब फिरवला की संपूर्ण चित्रच एका बाजूला सरकते. पेटी एक वीत मागे घ्यावी, अर्धा मिनिट रेकॉर्ड करावे, ऐकावे आणि गरज पडल्यास पुन्हा हलवावी. या कामात घाई नको. बाकी सगळे नंतर सुधारता येते, हा तोल येत नाही.

शेवटी हेच अर्धे मिनिट मोनोमध्येही ऐकावे, कारण अनेक जण ते लहानशा ब्लूटूथ स्पीकरवरच ऐकणार असतात. ओआरटीएफमधल्या वेळेच्या फरकामुळे मोनोत काही वारंवारता अंशतः कमी होतात. चाटीवरचा ना बोथट झाल्याचे स्पष्ट जाणवले, तर जोडी तबल्याच्या अधिक समोर सरकवावी, आणि तरीही समाधान न झाल्यास एक्स-वायकडे वळावे.