अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी शुश्रूषा: उपकेंद्राकडून काय मागावे आणि कूस कशी बदलावी

पक्षाघात झालेला, खुब्याचे हाड मोडलेला किंवा वार्धक्याने उठणेच थांबलेला माणूस रुग्णालयातून घरी आला की सल्ला देणाऱ्यांची रीघ लागते, आणि त्यातले बरेचसे सल्ले शेवटी त्याच्या पाठीला महागात पडतात. हा लेख अशा घरासाठी आहे, जिथे पगारी परिचारिका ठेवणे परवडत नाही आणि मोठे रुग्णालय तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी आहे. खाट, चादरी, औषधे आणि रुग्णालयातून मिळालेले सुटीचे कार्ड हाताशी आहे असे धरून चालतो.

पहिले काम म्हणजे नाव नोंदवणे. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशाताई असते आणि ३० वर्षांवरील प्रत्येकाची माहिती भरण्याचा एक अर्ज तिच्याकडे असतो. साठीच्या पुढच्या माणसांसाठी त्यात वेगळे प्रश्न आहेत: उभे राहताना तोल जातो का, हालचालीला अडथळा येणारे अपंगत्व आहे का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का. येथे घरची मंडळी संकोचापायी ‘तसं बरं आहे’ असे सांगून मोकळी होतात आणि मग घरी कोणी येत नाही म्हणून यंत्रणेला बोल लावतात. रुग्णाला स्वतः कूस बदलता येत नाही, लघवी अंथरुणात होते, हे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि ते अर्जात लिहिलेले स्वतः पाहावे.

यानंतर उपकेंद्र, म्हणजे आताचे आयुष्मान आरोग्य मंदिर. सपाटीच्या भागात सुमारे ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येसाठी एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्य सेविका आणि आरोग्य सेवक यांपैकी कोण कोणत्या दिवशी गावात फिरतीवर असते हे विचारून घ्यावे. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी भेट देणे हा त्याचाच भाग आहे. त्यामुळे गृहभेट ही कोणाची मेहेरबानी समजू नये. मात्र ती मागताना आवाज चढवण्याचेही कारण नाही. पहिल्या भेटीत रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, पाठ व टाचा दाखवाव्यात, आणि लघवीची नळी असल्यास ती कधी बदलायची याची तारीख लिहून घ्यावी. डॉक्टरांचा सल्ला हवा असेल तर उपकेंद्रातूनच ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर डॉक्टरांशी बोलता येते. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांसाठी रुग्णाला रिक्षात घालून नेऊ नये. फाइल घेऊन घरातल्या एकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि महिन्याभराची औषधे मागावीत.

आशाताईकडून मलमपट्टी करून घेण्याचा आग्रह मी मुळीच मान्य करत नाही. ती कामाच्या मोबदल्यावर राबते, आणि घर व उपकेंद्र यांच्यामध्ये निरोप पोहोचवणे हेच तिचे मोठे काम आहे. जखम आरोग्य सेविकेला किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना दाखवावी.

आता खऱ्या अवघड भागाकडे येतो. गृहभेट कितीही नियमित झाली तरी दोन भेटींच्या मधले दिवस आणि रात्री घराच्याच असतात, आणि याच काळात माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर आणि घोट्यांवर बेडसोर होतात. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी तासन्‌तास दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा बंद पडतो आणि आतले मांस मरू लागते. वरून दिसणारा डाग लहान असतो, आतले नुकसान मोठे असते. म्हणून दर २ तासांनी कूस बदलणे याला पर्याय नाही. हे वाक्य सगळेच सांगतात; कूस कशी बदलायची ते कोणी दाखवत नाही, आणि ते अंगवळणी पडायला मलाही पुष्कळ काळ लागला.

रुग्णाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी एक चादर दुमडून कायम आडवी घालून ठेवावी. सरकवायचे असेल तेव्हा दोघांनी दोन्ही बाजूंनी ती चादर उचलूनच सरकवावे. काखेत हात घालून ओढणे ही सर्वांत वाईट सवय आहे, कारण त्याने कातडी अंथरुणाला घासून सोलवटते आणि पक्षाघाताच्या बाजूचा खांदा निखळू शकतो. डाव्या कुशीवर वळवायचे असेल तर आधी रुग्णाला चादरीने खाटेच्या उजव्या कडेकडे न्यावे, म्हणजे वळल्यावर तो मधोमध येतो. पण त्या वेळी उजव्या बाजूला कोणीतरी उभे असलेच पाहिजे. मग आपण डावीकडे उभे राहावे, रुग्णाचा डावा हात अंगापासून दूर ठेवावा, उजवा हात छातीवर आणावा, उजवा गुडघा वाकवावा आणि उजव्या खांद्याला व खुब्याला धरून त्याला आपल्याकडे सावकाश वळवावे. गुडघा वाकवलेला असला की निम्मा भार तोच वळवतो आणि आपल्या कंबरेला ताण येत नाही.

येथेच बहुतेक घरे चुकतात: रुग्णाला अगदी काटकोनात कुशीवर ठेवले जाते आणि सगळा भार खुब्याच्या टोकदार हाडावर येतो. वळवल्यावर पाठ आणि नितंब यांच्यामागे घट्ट उशी लावून त्याला साधारण ३० अंशांवर, म्हणजे कुशीपेक्षा पाठीकडे अधिक झुकलेला ठेवावा. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी हवीच. पाठीवर असताना पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवाव्यात. टाच आणि अंथरूण यांच्यामधून आपला तळहात सहज गेला तरच ते बरोबर आहे. जेवताना रुग्णाला उठवून बसवावे, पण जेवण उतरल्यावर डोक्याकडची बाजू पुन्हा खाली घ्यावी, कारण अर्धवट बसलेला माणूस घसरत राहतो आणि माकडहाडावरची कातडी ताणली जाते.

दर वेळी वळवताना ज्या जागेवर भार होता ती पाहावी. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून उचलावे. लाली क्षणभर गेली तर कूस बदलणे पुरेसे आहे, तशीच राहिली तर जखमेची ती सुरुवात आहे आणि त्या जागेवर पुन्हा भार देता कामा नये. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा शेजारच्या भागापेक्षा ती जागा गरम, कडक किंवा जास्त काळपट लागते का हे हाताने पाहावे. दोन तासांतच डाग पडत असेल तर अंतर कमी करावे. भिंतीवर खडूने डावी, पाठ, उजवी असा क्रम आणि वेळा लिहाव्यात, कारण रात्रपाळी वाटून घेतलेल्या घरात कोण काय करून झोपले हे पहाटे कोणालाच आठवत नाही.

आता गावोगाव चालणाऱ्या काही उपायांविषयी. लाल झालेल्या जागेवर तेलाने मालीश करू नये; आत दुखावलेले मांस त्याने आणखी फाटते. मध्ये भोक असलेली गोल उशी किंवा ट्यूब वापरू नये, ती भोवतालचा रक्तपुरवठा दाबते. पाण्याने भरलेले हातमोजे टाचांखाली ठेवण्याची पद्धत काही रुग्णालयांतूनच घरी येते, आणि तिचा उपयोग नाही. बल्बचा शेक देऊ नये, कारण संवेदना गेलेल्या कातडीला भाजल्याचे कळत नाही. पावडरचे थर घामात गोळा होऊन टोचतात. हळद, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही जखमेत घालू नये. सुतळीच्या सैल बाजेवर माणूस खोलगट पडून राहतो, म्हणून तिच्यावर फळी टाकावी. आणि जाड शिवणीची गोधडी थेट अंगाखाली घेऊ नये. हवेची गादी घ्यायला हरकत नाही, पण ती आणली म्हणून कूस बदलणे थांबवणाऱ्या घरांतही बेडसोर होतात, शिवाय वीज गेली की ती खाली बसते.

कातडी फुटलीच तर उपकेंद्रात लगेच कळवावे. तोवर अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घालावे, ते निवल्यावर जखमेवरून सोडावे आणि स्वच्छ उकडलेल्या कापडाने झाकावे. लघवी-शौचाने भिजलेले कपडे तत्काळ बदलावेत आणि कातडी चोळून न पुसता टिपून कोरडी करावी. जखम भरायला प्रथिने लागतात, म्हणून नुसती पेज देत राहू नये. मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर अंडे, दूध, दाटसर वरण, शेंगदाण्याचे कूट यांपैकी जे गिळता येईल ते दिवसातून अनेकदा द्यावे. गिळताना ठसका लागत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. काठी, चालण्याची चौकट अशा वस्तू उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात उपलब्ध आहेत का ते विचारावे. दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेची तहसील कार्यालयात करावी. गृहभेटी होतच नसतील तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. तरीही हालचाल झाली नाही तर गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत विषय मांडावा.

ताप येणे, जखमेला दुर्गंधी सुटणे, कातडी काळी पडणे, हाड दिसणे, जखमेभोवतीची लाली पसरत जाणे किंवा माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागणे, यांपैकी एक जरी दिसले तरी पुढच्या गृहभेटीची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा, घराजवळची ठळक खूण सांगावी, रुग्णवाहिकेला वाट दाखवायला कोणालातरी रस्त्यावर उभे करावे, आणि सुटीचे कार्ड व चालू गोळ्यांची पाकिटे रुग्णाबरोबर पाठवावीत.