मध्यम कॅलिबरच्या रायफलीने हरणाची शिकार: गोळी निवडताना या चुका टाळा

बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाच 'गोळी' म्हणतो आणि निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. काडतूस म्हणजे पितळी केस, बुडाशी प्रायमर (ठोका बसला की पेटणारी टिकली), आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. रायफलीच्या नळीवर जे कोरलेलं असतं ते काडतुसाचं नाव. त्यात कुठली गोळी बसवली आहे हे पेटीच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेलं असतं, आणि हरणाशी गाठ पडते ती फक्त तिची. रायफल आणि दुर्बीण निवडण्यात सहा महिने घालवणारा माणूस काडतुसं मात्र हंगामाच्या आदल्या दिवशी, फळीवर जी उरली असतील ती उचलतो.

मध्यम कॅलिबर (कॅलिबर म्हणजे नळीचा व्यास) म्हणताना मी बोलतोय ते .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर, .२७० विंचेस्टर, ७ एमएम-०८ रेमिंग्टन, .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ स्प्रिंगफील्ड या काडतुसांच्या घराण्याबद्दल, जुनी .३०-३० अधूनमधून डोकावेल. आणि अर्थातच, जिथे परवाना काढून हंगामात हरणाची शिकार करता येते तिथल्या शिकारीबद्दल. यांतलं कुठलंही काडतूस अमेरिकेतल्या व्हाइटटेलसारख्या हरणाला पुरेसं आहे. कुठलं 'भारी' यावर शेकोटीपाशी रात्र जागवता येते, पण हरणाला फरक पडतो तो एवढ्याचाच: गोळी आदळली तेव्हा तिचा वेग किती होता, आणि ती गोळी त्या वेगासाठी बनवली होती का.

पेटीवरचा वेग खरा धरणं

शिकारीची गोळी आदळल्यावर टोकापासून मागे दुमडत जाते आणि भूछत्रासारखी पसरते. पसरली तर जखम रुंद होते, फुप्फुसं कोसळतात आणि जनावर काही सेकंदांत संपतं. पण पसरायला वेग लागतो. साध्या शिशाच्या गाभ्याच्या बऱ्याचशा गोळ्यांना सेकंदाला साधारण १,८०० फूट वेग हवा. तांब्याच्या गोळ्यांसाठी मी २,००० च्या खाली जात नाही. काही गोळ्या याहून कमी वेगातही उमलतात, पण तसा आकडा उत्पादकाने स्वतः दिला असेल तरच धरायचा.

आता .३०८ च्या साध्या, १५० ग्रेन वजनाची गोळी असलेल्या काडतुसाचा वेगाचा तक्ता घ्या. नळीच्या तोंडाशी २,८२० फूट, १०० यार्डांवर सुमारे २,५३०, २०० वर २,२६०, ३०० वर २,०१० आणि ४०० वर १,७७०. म्हणजे तांब्याच्या गोळीची हद्द ३०० यार्डांवर संपली, शिशाच्या गोळीची ४०० च्या अलीकडे. हिशोब सोपा वाटतो. मात्र हा तक्ता बहुधा २४ इंची नळीतून मोजलेला असतो. तुमची नळी १६ इंची असेल तर इंचाला अंदाजे २५ फूट या हिशोबाने २०० फूट वेग सुरुवातीलाच गेला. तक्त्यातली गोळी ७० यार्ड गेल्यावर ज्या वेगाने उडते, त्या वेगाने तुमची नळीतून बाहेरच पडते. मग तुमचे २३० यार्ड म्हणजे तक्त्यातले ३००. छोट्या, हलक्या रायफलींची सध्या चलती आहे आणि झाडीत त्या सोयीच्याही असतात. फक्त लांब नळीचा तक्ता डोक्यात ठेवून त्यांनी लांबचा बार काढू नये.

क्रोनोग्राफ मिळाला तर स्वतःच्या रायफलीचा वेग एकदा मोजाच. दहा मिनिटांचं काम आहे.

'१५० ग्रेन म्हणजे १५० ग्रेन' असं मानणं

ग्रेन हे वजनाचं माप आहे. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड. वजनावरून गोळीचा स्वभाव कळत नाही. .३०-३०, .३०८, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या चारही काडतुसांत ०.३०८ इंच व्यासाचीच गोळी बसते आणि चारहींसाठी १५० ग्रेनच्या गोळ्या मिळतात. पण .३०-३० मधली गोळी २,३९० फुटांनी निघते आणि २०० यार्डांवर १,६८० वर येते. तिचं टोक चपटं, मऊ आणि जॅकेट (शिशावरचं तांब्याचं आवरण) पातळ असतं, कारण तिला हळू वेगात उमलायचं असतं. मॅग्नममधली ३,२०० च्या वर निघते, म्हणून तिच्यासाठीची गोळी चिवट बनवलेली असते. स्वतः काडतुसं भरणारे इथे हटकून फसतात. मॅग्नमसाठीची चिवट गोळी .३०८ मध्ये बेताच्या वेगाने भरली की दूरवरच्या हरणातून ती सुईसारखी आरपार जाते. उलट .३०-३० ची मऊ गोळी .३०-०६ मध्ये पूर्ण वेगाने भरली तर जवळच्या हरणाच्या खांद्यावरच तिचा चुरा होतो.

बांधणी ओळखायला तीन-चार जाती माहीत असल्या की पुरे. पहिली म्हणजे शिशाच्या गाभ्यावर नुसतं तांब्याचं जॅकेट: कोअर-लोक्ट, इंटरलॉक, गेमकिंग वगैरे. स्वस्त, जुन्या, आणि मध्यम कॅलिबरच्या वेगांत हरणासाठी माझ्या मते अजूनही सगळ्यांत समजूतदार निवड. दुसरी, प्लास्टिकच्या टोकाच्या, लवकर उमलणाऱ्या: बॅलिस्टिक टिप, एसएसटी. तिसरी, गाभा जॅकेटला सांधलेल्या, म्हणजे बाँडेड, अ‍ॅक्युबाँड त्यातलीच. चौथी, अख्ख्या तांब्याच्या. आणि या सगळ्यांपासून थोडी वेगळी बसलेली पार्टिशन. जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या मूस या अजस्र हरणाच्या चिखलाने माखलेल्या कातडीवर फुटून वाया गेल्या, तेव्हा त्यांनी मध्ये तांब्याचा पडदा असलेली ही गोळी बनवली. १९४८ पासून ती बाजारात आहे. पुढचा भाग फुटला तरी पडद्यामागचा भाग आत घुसत राहतो. .२४३ सारख्या लहान काडतुसाला अशी गोळी दिली की त्याची उणीव बरीच भरून निघते.

.२७० मधली १३० ग्रेनची गोळी ३,०६० फुटांनी निघते. मचाणावरून ४० यार्डांवरच्या हरणावर बार काढायचा असेल तर लवकर उमलणारी जात नको. त्या वेगात खांद्याचं हाड लागलं की अर्धं मांस रक्ताळून फेकावं लागतं. तीच गोळी मोकळ्या माळावर २५० यार्डांसाठी उत्तम. त्यामुळे 'कुठली गोळी चांगली?' असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, 'बसणार कुठे?'

मॅच गोळी अचूक लागते, म्हणून तीच हरणावर

मॅच गोळी म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बनवलेली. तिचा मोह मी समजू शकतो. कागदावर अर्ध्या इंचाचा ग्रुप (लागोपाठच्या बारांच्या भोकांचा पुंजका) दिसला की ती पेटी सोडवत नाही. शिवाय मॅच गोळीच्या टोकाला बारीक भोक असतं, त्यामुळे ती 'हॉलो पॉइंट', म्हणजे उमलणारीच, असा समज होतो. ते भोक उमलण्यासाठी नसतंच. या गोळीचं जॅकेट बुडाकडून टोकाकडे ओढून मिटवतात आणि शेवटी जे उरतं ते हे भोक. आदळल्यावर ते कधी मिटून जातं आणि गोळी अरुंद वाट काढत निघून जाते, तर कधी आतच तिचे तुकडे होतात. यातलं काय होईल ते आधी सांगता येत नाही आणि जिवंत जनावरावर असा जुगार नको. हरणाचं मर्मस्थान ताटाएवढं असतं. दीड इंचाचा ग्रुप देणारी शिकारीची गोळी तिथे पुरून उरते.

पूर्ण जॅकेटची लष्करी गोळी तर विचारातही घेऊ नका. अनेक ठिकाणी ती हरणासाठी बेकायदा आहे. .२४३ मध्ये मिळणाऱ्या ५५-५८ ग्रेनच्या गोळ्या कोल्ह्या-उंदरांसाठी असतात. त्या हरणाच्या फासळीवरच फुटतात. हरणासाठी .२४३ मध्ये शिशाची ९० ते १०० ग्रेनची गोळी घ्यावी.

तांब्याकडे वळताना जुनंच वजन धरून बसणं

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसं बंद झालं, डेन्मार्कमध्ये एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या शिशाच्या गोळ्यांवरही बंदी आली. कायदा नसला तरी कारण पटण्यासारखं आहे: शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर मांसात पसरतात, एक्स-रेमध्ये ते ठिपक्यांसारखे दिसतात, आणि मागे टाकलेलं आतडं खाणाऱ्या गरुडांना, काँडोर गिधाडांना त्याची विषबाधा होते. त्यामुळे बरेच जण तांब्याकडे वळतात आणि पहिल्याच पेटीत अडखळतात.

तांबं शिशापेक्षा हलकं. एका घन सेंटिमीटरचं शिसं ११.३ ग्रॅम भरतं, तांबं जेमतेम ९. म्हणून त्याच वजनाची, त्याच जाडीची तांब्याची गोळी लांब होते. नळीतला पीळ (आतल्या वळणदार खाचा) गोळीला जो फिरका देतो तो तिला सरळ ठेवायला पुरेल की नाही, हे मुख्यतः तिच्या लांबीवर ठरतं, वजनावर नाही. .२४३ च्या अनेक नळ्यांत १० इंचांत एक फेरा असा पीळ असतो. त्यात शिशाची १०० ग्रेनची गोळी नीट जाते, पण तांब्याची तेवढ्याच वजनाची गोळी तिथे फार लांब पडते. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसलं तर समजा, गोळी डळमळत आडवी होत गेली आहे. दुर्बिणीचे स्क्रू आवळत बसू नका. दोष तिथे नाही.

पिळाच्या चुकीने एक अख्खं काडतूस मागे पडलंय. १९५५ साली .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन एकाच वेळी बाजारात आली. रेमिंग्टनने हलक्या गोळ्या डोळ्यांपुढे ठेवून १२ इंचांत एक फेरा ठेवला, विंचेस्टरने १० इंचांत. लोकांना तर १०० ग्रेनची गोळी घालून हरणावर जायचं होतं. .२४४ त्यासाठी भरवशाची नाही असं बोललं गेलं आणि गिऱ्हाईक .२४३ कडे गेलं. १९६३ मध्ये रेमिंग्टनने ९ इंचांचा पीळ देऊन तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणलं, पण गेलेली बाजी परत आली नाही.

यावर उपाय सोपा: तांबं घेताना वजन एक पायरी उतरवा. .२४३ मध्ये ८०-८५ ग्रेन, ६.५ मध्ये आणि ७ एमएम-०८ मध्ये १२० च्या आसपास, .३०८ मध्ये १३० किंवा १५०. हलकी गोळी जास्त वेगाने निघते, तांब्याला वेग हवाच असतो, आणि ती वजन जवळपास सगळं टिकवून धरते, त्यामुळे आत घुसायला कमी पडत नाही. स्कॉटलंडमध्ये मोठ्या हरणांसाठी किमान १०० ग्रेनची अट होती. तांब्याच्या गोळ्यांची ही अडचण ओळखून २०२३ मध्ये ती ८० वर आणली गेली.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर: कोलोरॅडोत हरणासाठी किमान ७० ग्रेनची उमलणारी गोळी लागते. जर्मनीत रो जातीच्या लहान हरणाला .२४३ चालते, पण लाल हरणासाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि १०० मीटरवर २,००० जूल ऊर्जा असावी लागते. नव्या मुलखात जाण्याआधी तिथला नियम वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि नळीखाली नळकांड्यासारखं मॅगझिन असलेली लिव्हर रायफल (खालचा दांडा ओढून काडतूस भरायची) असेल तर कडक टोकदार गोळी कधीच नको. त्यात एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेलं असतं आणि धक्क्याने तो पेटू शकतो. चपट्या टोकाची, नाहीतर खास मऊ लवचिक टोकाची गोळीच तिथे चालते.

हरीण पळालं म्हणून गोळीला नावं ठेवणं

हृदय-फुप्फुसांत नेमकी लागलेली गोळी घेऊनही हरीण ५०-१०० यार्ड पळतं. हे नेहमीचंच आहे. आधी जागेवर जाऊन रक्त पाहा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. अर्धा तास थांबून मागावर निघा, बहुतेक वेळा हरीण जवळच पडलेलं मिळतं. काळपट लाल म्हणजे यकृत. काही तास थांबायचं. हिरवट घाण आणि वास म्हणजे पोटात लागली. मग आणखी थांबावं लागतं, आणि त्यात दोष नेमाचा, गोळीचा नाही. कितीही महागडी गोळी पोटातल्या जखमेची भरपाई करत नाही.

गोळीचा खरा दोष मांस सोलताना दिसतो. आत शिरल्याचं आणि बाहेर पडल्याचं भोक सारखंच बारीक असेल आणि मधलं फुप्फुस जेमतेम दुखावलेलं असेल, तर गोळी उमलली नाही: वेग कमी पडला किंवा गोळी फार चिवट होती. मऊ जात घ्या, नाहीतर अंतर कमी करा. आत शिरतानाच वाटीएवढा खड्डा आणि खाली काही नाही, तर गोळी वर फुटली. अशा वेळी लोक वजन वाढवतात. ते करण्याआधी वजन तेच ठेवून बाँडेड किंवा तांब्याची गोळी घेऊन पाहा. कातडीखाली पलीकडच्या बाजूला पसरलेली गोळी सापडली तर पुष्कळ जण खूश होतात. मला बाहेर गेलेली बरी वाटते, कारण दोन भोकांमधून रक्ताचा माग चांगला पडतो आणि झाडीत तो फार उपयोगी ठरतो.

गोळी बदलली की झिरो (दुर्बिणीची नेमाशी केलेली जुळवणी) बदलतोच, वजन तेच असलं तरी. शिशावरून तांब्यावर जाताना नळीतला जुना थर साफ करा. नाहीतर पहिले वीस बार विस्कटलेले दिसतील आणि तुम्ही नव्या गोळीला उगाच दोष द्याल. एकाच लॉटच्या दोन-तीन पेट्या घ्या, पहिली झिरो करण्यात आणि बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने असा सराव करण्यात संपवा. उरलेल्या पेट्यांवर गोळीचं नाव, मोजलेला वेग आणि ज्या अंतरापलीकडे बार काढायचा नाही ते अंतर मार्करने लिहून ठेवा.