स्वतःच्या प्रती काढणाऱ्या नॅनोयंत्रांचा धोका कसा जोखावा

रेणू जुळवून स्वतःसारखेच दुसरे यंत्र घडवणारी सूक्ष्म यंत्रे मोकाट सुटली, तर सारी जीवसृष्टी गिळून तिचा राखाडी लगदा करतील, ही 'ग्रे गू'ची भीती अमेरिकी अभियंते एरिक ड्रेक्सलर यांनी १९८६ मध्ये मांडली. असा दावा समोर आला की आधी कागद-पेन्सिल घ्यावी.

दुपटीचा हिशेब स्वतः करून पाहावा. सुमारे एक पिकोग्रॅम (ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) वजनाचा जिवाणू अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुभंगतो. तासाला तीन या दराने ४४ तासांत १३२ दुपटी होतात आणि त्या एकाच्या वंशाचे वजन पृथ्वीच्या वजनाच्या घरात जाते. गणित चोख आहे. तरी अब्जावधी वर्षे जिवाणू नांदत असूनही पृथ्वी शाबूत आहे. म्हणून दुप्पट व्हायला किती वेळ लागतो यापेक्षा ती दुप्पट कशापाशी अडते, हे विचारावे.

ती बहुधा ऊर्जा, कच्चा माल किंवा उष्णता यांपाशी अडते. सजीवांतला कार्बन यंत्राच्या कामाचा असला, तरी सिलिकॉन-ऑक्सिजनने घट्ट बांधलेला खडक फोडताना ऊर्जा मिळण्याऐवजी खर्चच होते. नॅनोतंत्रज्ञानाचे अभ्यासक रॉबर्ट फ्रायटस यांनी २००० मध्ये उष्णतेचा हिशेब मांडला: अधाशीपणे खाणारी यंत्रे तापून लगेच उघडी पडतील आणि जगाचे तापमान सुमारे ४ अंशांनीच वाढेल इतक्या सावकाश खाणाऱ्यांना जीवसृष्टी गिळायला जवळपास २० महिने लागतील. हा अवधी प्रतिकाराला पुरेल की नाही, हे अर्थात आधीच्या तयारीवर ठरेल.

मग यंत्राची रचना तपासावी. ते उघड्यावरचे काहीही खाऊन जगते का, की त्याला शुद्ध रसायने पुरवावी लागतात? स्वतःचा आराखडा ते सोबत बाळगते का? खुद्द ड्रेक्सलर यांनी ख्रिस फीनिक्स या संशोधकासोबत २००४ मध्ये दाखवून दिले की उपयुक्त उत्पादनासाठी स्वैर फिरणाऱ्या यंत्रांची गरजच नाही, एका जागी बसवलेला कारखाना पुरतो. त्यामुळे अपघातापेक्षा कोणी मुद्दाम घडवलेल्या यंत्राची चिंता मला अधिक रास्त वाटते.

हीच कसोटी आरसा-जिवाणूंना लावून पाहावी. ज्यांचे रेणू नेहमीच्या रेणूंचे आरशातले प्रतिबिंब असतील, असे जिवाणू अजून कोणी बनवलेले नाहीत. पण डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकातून त्यांच्याविषयी इशारा दिला. ऊर्जेची मर्यादा त्यांनाही असेल. मात्र साध्या जिवाणूंना आवरणारे विषाणू आणि आपली प्रतिकारशक्ती त्यांना नीट ओळखू शकणार नाहीत, अशी भीती आहे.