हिऱ्याचा कट कसा बघायचा आणि चमक नेमकी येते कुठून

हिरा बघताना बहुतेक जण आधी कॅरेट विचारतात, मग कलर, क्लॅरिटी (म्हणजे आत डाग किती ते), आणि कट म्हटलं की गोल हवा का चौकोनी एवढंच सांगतात. पण तो झाला शेप. कट म्हणजे पैलू कुठल्या अँगलने पाडलेत आणि त्यांची मापं एकमेकांशी किती जुळतात ते, आणि माझ्या मते सगळ्यात आधी हेच बघावं.

कारण असं की हिऱ्यात शिरलेला उजेड खालच्या पैलूवर पुरेसा तिरका पडला, म्हणजे त्या पैलूला काटकोनात असलेल्या रेषेपासून साधारण २४.४ अंशांपेक्षा जास्त, तर तो बाहेर जाऊच शकत नाही, आतल्या आत उलटतो, समोरच्या पैलूवर आपटतो आणि वरून आपल्या डोळ्यात येतो. त्यामुळे सगळा खेळ खालच्या भागाचा, म्हणजे पॅव्हेलियनचा. हिरे कापणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये गोल ब्रिलियंटचं, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच पैलूंच्या गोल हिऱ्याचं, गणित मांडलं, त्यात पॅव्हेलियन ४०.७५ अंश, वरचा क्राऊन ३४.५ अंश आणि टेबल, म्हणजे वरचा सपाट पैलू, हिऱ्याच्या रुंदीच्या ५३ टक्के. अगदी हेच आकडे हवेत असं नाही, क्राऊन जरा उथळ असेल तर पॅव्हेलियन जरा खोल चालतो, पण पॅव्हेलियनमध्ये एखाद्या अंशाचा फरकसुद्धा डोळ्याला कळतो.

पॅव्हेलियन फार उथळ असेल तर टेबलमधून बघताना कडेचं करडं गोल कडं दिसतं, माशाच्या डोळ्यासारखं. फार खोल असेल तर मधोमध काळा डाग पडल्यासारखं वाटतं, शिवाय वजन खाली लपतं. १ कॅरेटचा नीट कापलेला गोल हिरा वरून साधारण ६.५ मिमी भरतो, त्याच वजनात बराच कमी भरला तर समजा की तुम्ही न दिसणाऱ्या वजनाचे पैसे देताय.

आता प्रत्यक्ष बघताना दुकानातल्या स्पॉटलाइटखालून हिरा बाजूला घ्या, त्या दिव्याखाली कुठलाही हिरा झगमगतो! खिडकीजवळ सावलीत धरा आणि हळूहळू हलवा. पांढरा उजेड भरपूर परत येतोय का, हलवताना काळे-पांढरे तुकडे भराभर आणि सगळीकडे सारखे बदलतायत का, का मधला भाग मेलेलाच राहतो ते बघा. रंगीत ठिणग्या मात्र मंद खोलीत एखादा लहान दिवा असेल तेव्हा नीट दिसतात.

रिपोर्टवर जीआयएची (हिरे तपासून ग्रेड देणारी अमेरिकेतली संस्था) कट ग्रेड असते ती गोल ब्रिलियंटला, २००६ पासून, तिथे एक्सलंट, म्हणजे सगळ्यात वरची ग्रेडच घ्या आणि त्यातही अँगल वाचा कारण ती रेंज बरीच मोठी आहे. ओव्हल, पेअर, मार्कीज असे लांबट शेप घेताय तर मधे बो-टायसारखा काळा पट्टा किती गडद आहे ते डोळ्यांनीच तपासा.

आणि बघायच्या आधी हिरा पुसून घ्यायला सांगा, हिऱ्याला तेल पटकन चिकटतं आणि खालच्या पैलूंवर बोटांचा तेलकटपणा बसला की उत्तम कटसुद्धा मंद दिसतो. घरी असेल तर कोमट साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, मागच्या बाजूने.