लॉनमोव्हरचं पातं निवडताना आधी गवत बघा

गवत कापल्याच्या दुसऱ्या दिवशी लॉनवर खाली बसून चार काड्यांचे शेंडे नीट बघा. ते फाटून पांढुरके, तपकिरी झाले असतील तर पात्याची धार गेली आहे. नवं घेण्याआधी जुन्याला धार लावून पाहा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

नवं घ्यायचंच असेल, तर पात्याच्या टोकांकडे लक्ष द्या. धारेच्या मागे वर वळलेला पंख असतो आणि खरी निवड त्या पंखाची असते. पंख उंच असेल तर हवेचा ओढा वाढतो, लोळलेलं गवत उभं राहतं आणि कापलेलं नीट पिशवीत जातं. पावसाळ्यात पुण्या-नाशकाकडे हरळी झपाट्याने वाढते, ओलीही असते. तिला उंच पंखाचंच पातं हवं. पण त्याला ताकद जास्त लागते. छोट्या इलेक्ट्रिक मशीनवर ते चढवू नका, मोटर तापते.

कोकण-गोव्याच्या रेताड पट्ट्यात मात्र हेच पातं नको. वर ओढली गेलेली रेती पॉलिश पेपरसारखी पंख घासते, आणि झिजून पातळ झालेला पंख तुटून उडाला तर जीवावर बेतू शकतं. तिथे चपट्या पंखाचं पातं घ्या.

हिवाळ्यात गवत सावकाश वाढतं, कोरडं असतं. तेव्हा मल्चिंगचं वळणदार पातं लावा. ते तुकडे बारीक करून तिथेच पसरतं, त्यातला नत्र जमिनीला परत मिळतो. ओल्या किंवा माजलेल्या गवतात मात्र त्याचे गोळे होतात. पातं कोणतंही असो, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. हरळी इंचाच्या आत ठेवायची असेल, तर रोटरीचा, म्हणजे आडव्या फिरत्या पात्याच्या मशीनचा, नाद सोडून सिलिंडर मोव्हर घ्या; त्यात रुळावरची पाती कात्रीसारखं गवत कापतात.

दुकानात जुनं पातं सोबत न्या. लांबी एका टोकाच्या कोपऱ्यापासून दुसऱ्या टोकाच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत तिरकी मोजा, मधल्या भोकाचा आकारही जुळवा.

बसवण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढाच. इलेक्ट्रिक मशीन असेल तर प्लग किंवा बॅटरी काढा. हातमोजे घाला. पेट्रोल मशीन कलंडताना एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवा. पात्याचे पंख मशीनच्या पोटाकडे यायला हवेत. जुन्याला धार लावून बसवत असाल, तर मधल्या भोकातून ते भिंतीतल्या खिळ्यावर अडकवून पाहा. जी बाजू खाली झुकेल ती थोडी घासा. सुरू केल्यावर मशीन थरथरलं तर लगेच बंद करा.